बाटी म्हणजे भाकरी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज कागद घेऊन बसले आहे, म्हणजे माझी अक्कल किती उशिरा उगवते ते बघा. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघून म्हणाला असतात, "हिनं कधी गृहपाठ वेळेवर आणलाय का?" नाही आणला. शनिवार आहे, दुपार झाली आहे, लेकरं घरी गेली आहेत आणि मी शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले आहे. हो, आपल्याच शाळेत. पत्रे जाऊन आता वर स्लॅब आला आहे, भिंतींना रंग आहे, पण अंगणातला लिंब तोच. त्याच्याखाली तीन दगडांची चूल मांडलेली आहे आणि ती अजून कोमट आहे. शाळेत चूल कशाला, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचं आहे. पण सुरुवात कुठून करावी ते कळेना, म्हणून आधी सोपं सोपं लिहिते. तुम्हीच सांगायचात ना, सोपी गणितं आधी सोडवा म्हणून.

आता हसू नका. या शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. मला गावातल्या गावातच दिली हे तुम्हाला ठाऊक आहे, वरच्या आळीतून खालच्या आळीत, त्यामुळं ही शाळा काही मला सुटली नाही. पालकांच्या सभेत गावातली शहाणी माणसं एकमेकांकडं बघत बसली होती, ही ब्याद कोणालाच नको होती. मग कोणीतरी माझं नाव काढलं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मालक म्हणाले, "व्हय म्हन तू. सह्या मी करीत जाईन." मला असा राग आला! मी म्हटलं, "सही मला बाईंनी शिकवली. ती काय लग्नात तुमच्या नावावर करून दिली व्हय?" तेव्हापासून ते गप आहेत. पण खरं सांगते, पहिलं वर्षभर मी अध्यक्ष म्हणजे सभेला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी टाकणारी बाई, एवढंच समजत होते. सही करायची, चहा प्यायचा, "लेकरांवर ध्यान द्या सर" म्हणायचं आणि घरी यायचं. गावानं शाळेसाठी काय करायचं असतं? वर्गणी काढून कधी पंखा द्यायचा, पंधरा ऑगस्टला जिलबी वाटायची. आम्हाला तेवढंच ठाऊक.

मग दिवाळीनंतर पहिलीचे सर मला भेटायला घरी आले. ते सांगलीकडचे आहेत, तरुण आहेत, लई मनापासून शिकवतात. ते म्हणाले, "ताई, तांड्यावरची एक मुलगी जूनपासून एक शब्दही बोललेली नाही. हिंगोलीला तपासणी शिबिर आहे. तिचं नाव मी कानाच्या यादीत टाकतोय. घरच्यांना तुम्ही सांगाल का?" मी म्हटलं, वर्गात येऊन बघते. दुसऱ्या दिवशी गेले. सर चित्रांचे पुठ्ठे दाखवत होते, घर, गाय, झाड. पोरगी पहिल्या रांगेत, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, डोळे असे लख्ख की त्या डोळ्यांची पोरगी बहिरी असणं शक्य नाही. मग सरांनी पुढचा पुठ्ठा उचलला. त्याच्यावर भाकरी होती. पोरीचे ओठ हलले. मी दारात उभी होते, मला दिसलं. ओठ हलले, आणि तिनं ते पुन्हा घट्ट मिटले. मी बाहेर येऊन सरांना विचारलं, ही कोणाची? त्यांनी आजीचं नाव सांगितलं, ते माझ्याच वर्गातल्या एकीचं होतं. तुम्हाला नाव सांगायची गरज नाही. तुम्ही ते शेवटपर्यंत विसरला नव्हता.

आपण तिसरीत आहोत. म्हणजे मी तिसरीत आहे आणि तुम्ही आम्हाला शिकवता आहात. ती तांड्यावरून नवीन आलेली, माझ्या पुढच्या बसायच्या पट्टीवर बसते, कधी हात वर करत नाही. तुम्ही स्वतः रंगवलेली चित्रं आणली आहेत. ती तुमच्या खोलीत, स्टोव्हच्या बाजूला वाळत घातलेली मी आदल्या दिवशीच पाहिली आहेत, कारण तुम्हाला ज्वारीची भाकरी थापता येत नाही आणि आईनं डब्यात झाकून दिलेली भाकरी रोज मीच पोचवते. तुम्ही भाकरीचं चित्र वर धरता. आणि ती उठते. आपणहून उठते, हात वर करून, सगळं तोंड हसरं करून म्हणते, "बाटी!" तुम्हाला नीट ऐकू येत नाही. तुम्ही म्हणता, "काय? परत सांग बघू, मोठ्यानं." ती मोठ्यानं सांगते, "बाटी!" तुम्ही म्हणता, "असं नाही बाळ, नीट बोल. भा-क-री." आणि तेवढ्यात मागून आवाज येतो, "बाटली!" सगळा वर्ग फुटतो. तेव्हा गावातली मोठी माणसं तांड्याचं आणि बाटलीचं नाव एका दमात घ्यायची, आपण स्वतः सांजच्याला कुठं बसतो ते सोडून. आम्ही लेकरं तेच ऐकत वाढलो होतो. ती हात वर करून तशीच उभी. हात खाली घ्यायचं भान तिला राहिलं नाही. तुम्ही टेबलावर पट्टी आपटलीत, "कोण म्हणालं?" कोणी बोललं नाही. तुम्ही सगळ्यांना मधल्या सुटीपर्यंत उभं केलंत, तिला सोडून. पण ती पण उभीच राहिली.

चार दिवस तिला सगळे बाटली म्हणत होते, नळावर, वाटेवर, आट्यापाट्या खेळताना. पाचव्या दिवशी ती आली नाही. तुम्ही नाला ओलांडून तांड्यावर गेलात, एकदा नाही, तीनदा. तिच्या आईनं तुम्हाला भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊ घातला आणि म्हणाली, बाटी खा, बाई. तुम्ही परत आलात तेव्हा तुमचं तोंड उतरलेलं होतं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंत: बाटी म्हणजे भाकरी. मग आमच्याकडं वळून म्हणालात, "ती चुकीचं बोलली नव्हती. आपण चुकीचं ऐकलं. मी सुद्धा." हे वाक्य आम्ही वहीत दहा वेळा लिहायचं होतं. मी सगळ्यात सुबक अक्षरात लिहिलं आणि तुम्ही माझ्या वहीवर लाल पेन्सिलीनं 'छान' असा शेरा दिलात. ती वही मी जाळली. काहून जाळली ते सांगते, थांबा.

तुमची आमची शेवटची भेट हिंगोलीला झाली. आम्ही मोंढ्यात हळद घेऊन आलो होतो आणि मी मालकांना म्हटलं, तुम्ही बसा लिलावाला, मी बाईंकडं जाऊन येते. तुम्ही थकला होता, पण ओट्याशी उभं राहून स्वतः चहा केलात. भाकऱ्यांची टोपली दाखवून म्हणालात, "बघ, आता मला येतात." मग टोपली झाकलीत आणि म्हणालात, "त्या लेकराला मी उभं करून परत बोलायला लावलं. वर दुरुस्तही केलं. मी नीट ऐकलं असतं तर ती आज कुठं असती. ते माझ्यामुळं झालं." मी बशीतला चहा बघत बसले. तुम्ही आतून एक शंभर पानी वही आणलीत. डावीकडं तांड्याचे शब्द, उजवीकडं मराठी. तांड्यावर जाऊन जाऊन तुम्ही ते लिहून घेतले होते. "तू गावातच आहेस," तुम्ही म्हणालात, "कधी कोणाच्या कामी आली तर दे." मी ती वही आणली आणि ट्रंकेत लुगड्यांच्या खाली घातली. उघडली नाही. पहिल्याच ओळीत काय असणार, ते मला ठाऊक होतं ना.

आणि ती? ती कुठं गेली नव्हती, बाई. चार वाड्या पलीकडच्या तांड्यावर तिचं लग्न झालं आणि काही वर्षांनी नवऱ्यासकट माहेरच्याच तांड्यावर येऊन राहिली. आज अर्ध्या गावाची हळद तिची टोळी काढते आणि शिजवायला तीच लागते. कढईपाशी उभी राहून ती वाफेच्या वासावरून सांगते, अजून न्हाई. मग एक हळकुंड काढून त्याच्यात काडी घालते. काडी अलगद आरपार गेली की म्हणते, "उतरवा." आमची हळद अठरा वर्षं तिच्याच हातची शिजते. अठरा वर्षं आम्ही कढईच्या दोन बाजूंना उभ्या आहोत, पाऊसपाणी बोललो, लेकीसुनांचं बोललो, शाळेचं अक्षर कधी काढलं नाही. तिनंही नाही, मीही नाही.

पहिलीच्या वर्गातून घरी आले त्या दिवशी मी वही ट्रंकेतून काढली आणि तांड्यावर गेले. पोरीचे आईबाप दसऱ्यालाच ऊसतोडीला गेलेले. लांबूनच ऐकू आलं, पोरगी शेळीच्या पिलाला काहीतरी रागावून सांगत होती, एका श्वासात, हातवारे करून. बहिरी म्हणे! आजी ज्वारी पाखडत होती. मी तिला कानाच्या यादीचं सांगितलं तसं तिचं सूप थांबलं. "घरी हिचं तोंड मिटत न्हाई अन् शाळेत मुकी? तकलीफ कानाला न्हाई, ताई. तकलीफ दुसरीच हाय." मला ती ताई म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिच्यासाठी कधी ताई नव्हते, तूच होते. मी म्हटलं, "तू शाळेत ये. शनिवारी येऊन लेकरांसमोर बस. काहीही कर, भाकरी कर." ती म्हणाली, "माझं तिथं काय ठेवलंय? म्या न्हाई येत." मी वही तिच्यापुढं ठेवली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचत गेले, डावीकडचं, उजवीकडचं. याडी म्हणजे आई. छोरी म्हणजे मुलगी. दहाएक शब्द झाल्यावर तिनं मला अडवलं. "हे चुकलंय. बाईनं नीट ऐकलं न्हाई." मी पेन काढून दुरुस्त केलं. अजून एक चुकलेलं निघालं. मग शेजारच्या दोघी आल्या, त्यांच्यात एका शब्दावरून भांडण लागलं, आणि बाई, तुमच्या वहीची अशी तपासणी झाली की तुम्हाला बघायला मजा आली असती. निघताना मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "बघू." नुसतं बघू.

सरांना मी वही दिली आणि कानाची यादी थांबवायला सांगितली. ते पान उलटत गेले आणि त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "ताई, ही मला जूनमध्ये मिळायला पाहिजे होती." जूनमध्ये काय, कितीतरी जून मी ती लुगड्यांखाली दाबून ठेवली होती. मग समितीत मी ठरवून घेतलं, दर शनिवारी गावातल्या कोणीतरी येऊन लेकरांना आपल्या हातचं काही शिकवायचं, आणि लिंबाखाली चूल मांडली. मुख्याध्यापकांना चुलीची काळजी होती, साहेब अचानक आले तर काय सांगायचं. मी म्हटलं, सांगा, समिती वेडी आहे. मग एकाचं बघून दुसरा असं करत शनिवार भरायला लागले. गिरणीवाले काका किलो-ग्रॅम शिकवायला तराजू घेऊन आले आणि पोरांपेक्षा तेच जास्त रंगले. एका सुनेनं मोबाईलवर जमीन कशी मोजतात ते दाखवलं. वर्गणीचा पंखा देऊन इतकी वर्षं आम्ही मोकळे होत होतो आणि सगळ्यांच्या हातात हे एवढं पडून होतं. पण तांड्यावरून कोणी येईना. मी दर शनिवारी चुलीत लाकडं रचून ठेवायची आणि दुपारी ती परत उचलून ठेवायची.

आज ती आली. कोणाला न सांगता, डोक्यावर पिठाचा डबा, काखेत काठवट. फाटकातून आत येताना क्षणभर थबकली, मग सरळ लिंबाखाली जाऊन बसली आणि चूल पेटवली. सगळी शाळा भोवती गोळा झाली. तिनं पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि फुगल्यावर हातानं उचलून वर धरली. अगदी तुमच्यासारखी, बाई, चित्र धरल्यासारखी. म्हणाली, "ये कांयी?" तांड्याची लेकरं ओरडली, "बाटी!" गावातली ओरडली, "भाकरी!" आणि त्या गोंधळात एक आवाज आला, बारीक, खट्याळ, "बाटली!" दोनचार जण फिसकन हसले. बोलणारी माझ्याच दिराची नात होती. इतकी वर्षं झाली, गाव बदललं, रस्ता झाला, आणि तो शब्द कोणी न शिकवता आमच्याच घरातून निघाला.

ती हातातली भाकरी घेऊन पोरीकडं बघत राहिली. रागावली नाही. मग बाजूची पाण्याची बाटली उचलली. "व्हय माय, बाटली बी हाय. ही बघ, ही बाटली. अन् ही बाटी. आता बराबर सांग, भूक लागली तर तुला काय देऊ?" सगळे खो खो हसले, ती पोरगी सुद्धा, आणि ते हसणं वेगळं होतं. तिनं ते उत्तर कधी ठरवून ठेवलं होतं कोण जाणे. पण पोरीला तो शब्द जमेना, ती लाजून म्हणाली, "बाट... बाट..." तेव्हा पहिल्या रांगेतली घट्ट वेणीवाली उठली. तिच्यापाशी गेली आणि बाईसारखं बोट नाचवून म्हणाली, "बाटली न्हाई गं. बा-टी. म्हन!" दिराची नात म्हणाली, "बाटी." "हां," ती म्हणाली आणि आजीच्या हातातली भाकरी घेऊन तिला अर्धी तोडून दिली. सरांनी चष्मा काढून पुसला. मी मात्र पुसायला बसले नाही, वाहू दिलं.

सगळं आवरल्यावर मी तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले. काठवट माझ्याकडं होती, ती मी सोडेना. म्हटलं, "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी तिसरीत, ते पहिल्यांदा म्या म्हटलं व्हतं." ती चालता चालता म्हणाली, "ठाऊक हाय. तू माझ्या मागंच तर बसली व्हतीस. तुझा आवाज मला वळखू येत न्हाई व्हय?" मी म्हटलं, "अगं, मग अठरा वर्षं माझी हळद काहून शिजवलीस?" ती म्हणाली, "तुझ्या हळदीनं माझं काय बिघडवलं व्हतं?" मला रडावं का हसावं कळेना. मग तिनं माझ्या हातातून काठवट घेतली आणि विचारलं, "बाईला सांगितलं व्हतंस का?" मी नाही म्हणून मान हलवली. "ती बिचारी मरेस्तोवर माझ्या आईपाशी येऊन माफी मागत राहिली. सांगायचं व्हतं तिला." मी म्हटलं, "आता कुठं सांगू?" तर म्हणते, "मंग लिही की. तुला येतं लिव्हायला."

म्हणून लिहिते आहे, बाई. ते तुमच्यामुळं झालं नव्हतं. पुढच्या शनिवारी ती पुन्हा येणार आहे, हळद आणि काडी घेऊन, आणि आल्यावर सरांच्या टेबलाशी बसून पहिल्यांदा सही गिरवणार आहे. नातीनं शिकवायचं कबूल केलं आहे. हा कागद मी कुठं टाकणार? पोस्टात टाकायला तुमचा पत्ता नाही. तुमच्या वहीतच ठेवते, मागच्या कोऱ्या पानांत. सर उघडतील तेव्हा वाचतील, वाचू देत.

एक राहिलंच, ते तिलाही सांगितलं नाही. त्या दिवशी बाटली म्हटल्यावर सगळा वर्ग माझ्यामुळं हसला, त्याचं मला भारी वाटलं होतं. तुम्ही दिलेल्या 'छान'पेक्षाही जास्त.